मदत हवी आहे: रंध्याच्या पात्याला पुन्हा पाणी कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. देवगडच्या घरी माळ्यावर आजोबांचा सागवानी रंधा सापडला. खाऱ्या हवेने पातं पार गंजलेलं. दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं, सोड्याच्या पाण्याने धुऊन खोबरेल चोळलं. गंज छान सुटला. पण धारेचा टवका काढायला एका दुकानात ग्राइंडरवर दिलं आणि टोक निळं पडलं. जास्त तापल्याने पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला! आता दोन फळ्या तासल्या की धार जाते. निळा भाग घासून टाकावा, तर पातं आधीच बोटभर उरलंय.

लाल तापवून तेलात बुडवायचं, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, हे घरी कोणी केलंय का? तेल कोणतं? की कणकवली-मालवणकडे अजून भाता चालवणारा, कोयत्यांना पाणी देणारा लोहार आहे? नवा रंधा नकोय. याच्या मुठीवर आजोबांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे, त्यात माझा अंगठा बरोबर बसतो.