शाळकरी मुलांना संख्याशास्त्राची गोडी कशी लावावी? (पुणे)

खडूवाली: कोथरूडला शाळेत गणित शिकवते. नववी-दहावीच्या मुलांसाठी संख्याशास्त्रावर दोन तासांचा कार्यक्रम करायचाय. पुस्तकात हा विषय मध्य, मध्यक, बहुलकातच आटपतो. मागे एक पाहुणे बोलावले, त्यांनी ढीगभर स्लाइड्स दाखवल्या. मागच्या बाकांवर फुली-गोळा रंगला. 'हे शिकून पुढे काय?' असं पालकही विचारतात. सुचवा.

आकडेमोड: ताई, स्लाइड एकही नको. १ पासून क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाका. किती टाकल्या ते फक्त तुम्हाला ठाऊक. प्रत्येक गटाने पाच उचलायच्या, बघून परत टाकायच्या आणि एकूण किती असतील ते सांगायचं. कोणी सरासरीची दुप्पट करेल, कोणी सर्वात मोठा आकडाच ठोकून देईल. भांडू द्यात. मग सांगा: सर्वात मोठा आकडा, अधिक त्याचा पाचवा हिस्सा, वजा एक. म्हणजे ५० निघाला तर ५९.

दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या अनुक्रमांकांवरून त्यांचं उत्पादन असंच काढलं होतं. ऑगस्ट १९४२ साठी हेरांचा अंदाज महिन्याला १५५०, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७. युद्धानंतर जर्मनांच्या नोंदी मिळाल्या, त्यात ३४२!

पेठकर: दुसरा तास फुटपाथवर. एका गटाने सकाळी आठला कॉलेजच्या फाटकाशी हेल्मेटवाले मोजायचे, दुसऱ्याने अकराला कर्वे रोडवर. उत्तरं जुळणार नाहीत. 'कुठे, कधी, कोणाला मोजलं?' हे मुलं आपणहून विचारायला लागली की विषय पोचला. (हेल्मेटवर पुणेकर थांबून मतही ऐकवतील, तो वेळ वेगळा धरा.)

कोडकरी: आता डेटा सायन्सचा जमाना आहे, थेट पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवा की.

गोळीऔषध: पायथॉन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं हो. मी औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बघते. औषध ६० रुग्णांवर तपासायचं की ६००, हे पहिली गोळी देण्याआधी ठरवावं लागतं. ते चुकलं तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही.

पालकांना पीक कापणी प्रयोग सांगा. गावातले काही प्लॉट चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून तिथलं पीक मोजतात आणि त्यावर विम्याची भरपाई ठरते. नमुना निवडून पीक मोजण्याच्या पद्धतीवर पां. वा. सुखात्मे यांनी मोठं काम केलं. ते आपल्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.एस्सी. स्टॅट्स फर्ग्युसन, एस.पी., मॉडर्नला आहे. एम.एस्सी.ला विद्यापीठाचा विभाग, १९५३ पासूनचा. बारावीनंतर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची (आयएसआय) प्रवेश परीक्षाही देता येते, पण तिथलं गणित घाम काढतं. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय लागतो, नाहीतर संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. आमच्या ओळखीतल्या एकीने दुसऱ्या वर्षाला तो सोडला आणि नंतर हळहळली. हे मात्र मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

खडूवाली: चिठ्ठ्या आणि हेल्मेट, दोन्ही नक्की! सेवेची ती अट मलाही माहीत नव्हती. डब्यात ७३ चिठ्ठ्या टाकते.

आकडेमोड: ताई, हा धागा तुमची मुलंही वाचत असतील. आकडा बदला.