निकालावर मिळणारे अनुदान: शिक्षणाला तारक की मारक?

रेघोटी (धागा सुरू करताना)

कला आणि विज्ञानाच्या शिक्षणाला सरकारने पैसा द्यावा, याबद्दल आज फारसे दुमत नाही. तो कोणत्या मापाने द्यावा, यावर मात्र वाद होतो. ब्रिटनमध्ये हा वाद दीडशे वर्षांपूर्वीच रंगला होता. फ्रेंच मालाच्या नक्षीपुढे आपला माल बाजारात मागे पडेल या धास्तीने तेथील सरकारने १८३७ साली लंडनमध्ये नक्षीकामाची शाळा काढली. लंडनमध्ये देशोदेशीचा माल मांडणाऱ्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर, १८५३ मध्ये, सरकारचा विज्ञान व कला विभाग स्थापन झाला आणि हेन्री कोल त्याचे सूत्रधार झाले. इथवर सारे स्तुत्यच आहे. परंतु १८५९ पासून विज्ञानाच्या वर्गांना परीक्षेच्या निकालावर पैसे मिळू लागले, म्हणजे जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान. माझ्या मते तेव्हापासून शिक्षकाचे लक्ष मुलावरून उडून प्रश्नपत्रिकेवर गेले. चित्रकलेत छापील तक्त्यावरची बाह्यरेषा उतरवायची आणि मग प्लास्टरच्या नमुन्याचे छायांकन आठवडेच्या आठवडे घोटत बसायचे, असा क्रम ठरून गेला. एवढ्या सरावाने हात बसतो हे मान्य, पण नजर कुठे तयार होते?

खडूफळा

आपला मुद्दा मला पटत नाही, कारण हा पैसा नसता तर ते वर्ग भरलेच नसते, ही बाजू आपण विचारात घेतलेली नाही. त्या काळी इंग्लंडमधील जुन्या शाळांत लॅटिन-ग्रीकचा दबदबा होता आणि कारागिराच्या मुलाला रसायनशास्त्र शिकवायला कुणी तयार नव्हते. विभागाने निकालाची अट घातली, म्हणून गावोगावी संध्याकाळचे वर्ग उभे राहिले. पुढे विज्ञानकथांचे लेखक म्हणून गाजलेले एच. जी. वेल्स हे कापडाच्या दुकानातील उमेदवारी सोडून शाळेत साहाय्यक झालेले तरुण. याच परीक्षा देऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८४ मध्ये ते लंडनच्या दक्षिण केन्सिंग्टन भागात, जिथे या विभागाच्या मुख्य शाळा होत्या, जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांच्या वर्गात जाऊन बसले. ती वाट याच अनुदानाने मोकळी केली होती.

रेघोटी

वेल्स यांचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. ते साहाय्यक होते त्या मिडहर्स्टच्या शाळेत त्यांच्यासाठी जे वर्ग दाखवले गेले ते नावापुरतेच होते. मुख्याध्यापक आपल्या कामात असत, हा मुलगा क्रमिक पुस्तके एकट्याने वाचून परीक्षा देई आणि निकालाचे पैसे शाळेला मिळत. म्हणजे सरकारने ज्या शिकवण्याचे पैसे मोजले, ते शिकवणे झालेच नव्हते. असामान्य मुलगा तरला, हे मोठेच झाले, पण त्याच्या बाकावरच्या साधारण मुलाचे काय?

खडूफळा

साधारण मुलाबद्दलची आपली कळकळ मला मान्य आहे. तरीही आपल्याकडे पाहा. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून सुरू झाली आणि तिच्यावर दक्षिण केन्सिंग्टनच्याच शिस्तीची छाप पडली. तिथून आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. तक्त्यावरून रेषा उतरवण्यात घोटलेल्या हातांनीच हे काम केले. त्यांतील अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ती हळहळ आजही वाटते.

रेघोटी

अजिंठ्यात उतरल्यावर त्या विद्यार्थ्यांच्या समोर छापील तक्ता नव्हता, हे मात्र आपण विसरू नये. ओल्या, अंधाऱ्या भिंतीवर पुसट झालेली रेषा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यांना स्वतः ठरवावे लागले, आणि ती तालीम कोणत्याही परीक्षेच्या गुणपत्रिकेत बसत नव्हती. मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या, की दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी पालक माझ्याकडे येतात आणि स्मरणचित्राचा एकच ठरावीक देखावा पाठ करून घ्या, असे सांगतात. गेल्या वर्षी एका मुलीने बाजाराच्या चित्रात भाजीवाली पाठमोरी काढली होती. तिने अंबाड्यात खोवलेला गजरा आणि टोपलीच्या कडेवर टेकलेला अंगठा प्रत्यक्ष पाहिलेले होते. परीक्षेत चेहरा दिसायला हवा, म्हणून मीच तिला ते चित्र बदलायला लावले.