'स्मोकी अँड द बँडिट'चा दुसरा भाग पाहावा का?

घाटरस्ता:
१९७७ सालचा 'स्मोकी अँड द बँडिट' नुकताच पुन्हा पाहिला. बँडिट झालेल्या बर्ट रेनॉल्ड्सची काळी ट्रान्स अ‍ॅम गाडी आणि तिच्यामागे चडफडत येणारा शेरीफ जस्टिस यांनी पूर्वीइतकेच हसवले. १९८० सालचा दुसरा भाग मात्र अजून पाहिलेला नाही. दिग्दर्शक हॅल नीडम तेच, रेनॉल्ड्स, सॅली फील्ड, जॅकी ग्लीसन, जेरी रीड ही मंडळीही तीच; तरीही त्याविषयी कोणी फारसे चांगले बोलत नाही, याचे कारण काय असावे?

दुपारचा खेळ:
माझ्या मते दोष कथेच्या मुळाशी आहे. पहिल्या भागात टेक्सार्कानाहून कूर्स बिअरची चारशे खोकी २८ तासांत अटलांटाला पोहोचवण्याची पैज होती. माल बँडिटचा मित्र स्नोमॅन (जेरी रीड) याच्या ट्रकमध्ये, आणि बँडिटचे काम एवढेच की भरधाव गाडी हाकून पोलिसांना आपल्यामागे ओढायचे. त्यामुळे प्रत्येक वळणावर वेळ निसटत असल्याची जाणीव राहते आणि हसता हसताही आपण घड्याळाकडे पाहत असतो. दुसऱ्या भागात मायामीहून डॅलसला, रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनासाठी, हत्तीण न्यायची आहे. हत्ती हे त्या पक्षाचे चिन्ह असल्याने कल्पना गमतीची आहे, पण ती हत्तीण गाभण निघते, तिच्यासाठी डॉक्टर (डॉम डेलुईज) सोबत घ्यावा लागतो आणि पाठलागाच्या चित्रपटातील माणसे अर्धा वेळ थांबूनच राहतात. शिवाय बँडिट आता प्रसिद्धीने बिघडलेला, दारूत बुडालेला दाखवला आहे. ज्याच्या बेफिकिरीवर आपण लुब्ध झालो, त्याचीच कीव करण्याची वेळ यावी, हे मला फार खटकले.

डिझेलचा वास:
कीव येते हे मान्य, तरीही चित्रपट सर्वस्वी टाकाऊ ठरवणे अन्यायाचे वाटते. ग्लीसनने यात शेरीफ ब्युफर्ड जस्टिस आणि त्याचे दोन भाऊ अशा तिहेरी भूमिका केल्या आहेत, आणि शेवटी ट्रकचालकांचा ताफा पोलिसांच्या गाड्यांचा चुराडा करतो, ते दृश्य नीडम यांच्यासारख्या मुरलेल्या स्टंटमनलाच सुचावे असे आहे. गाड्यांची आवड असणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: पहिल्या भागातील ट्रान्स अ‍ॅमचे इंजिन ६.६ लिटरचे होते, दुसऱ्यातील ४.९ लिटरचे टर्बो. चित्रपटाचाही दम तेवढाच कमी झाला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घाटरस्ता:
दोघांचेही आभार. मग शेवटच्या अर्ध्या तासासाठी तरी पाहीन म्हणतो. १९८३ सालच्या तिसऱ्या भागाचे काय?

दुपारचा खेळ:
त्यात रेनॉल्ड्स केवळ क्षणभर दिसतो आणि बँडिटची जागा स्नोमॅन घेतो. तो आपण खुशाल वगळावा.