दीड लाख किमी चाललेली गाडी घ्यावी का?

कोथरूडकर: लाखाच्या पुढे चाललेली गाडी घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. हप्ते बसले तरी चालेल, माणसाने नवीच घ्यावी.

कराडकर: वेडेपणा हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. आठ लाखांची पेट्रोल गाडी घ्या, महाराष्ट्रात 11 टक्के रोड टॅक्स आधी मोजायचा, म्हणजे 88 हजार. वर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम. गाडी विकताना यातला रुपया कुणी देत नाही. मी 1,40,000 किमी चाललेली वॅगन आर पहिल्या मालकाकडून घेतली. क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, चारही टायर, बॅटरी, कूलंटचे पाइप, सगळं नवं टाकलं. तरी त्या 88 हजारांच्या आतच भागलं. मीटरचा आकडा काय बघता, सर्व्हिसच्या नोंदी बघा. हायवेला चाललेले दीड लाख हे सिग्नलला क्लच घासत काढलेल्या साठ हजारांपेक्षा कधीही बरे.

कोथरूडकर: नोंदी! माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात दिल्लीची डिझेल मारली. मीटरवर 65 हजार, आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं. पुढे टर्बो गेला. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली तेव्हापासून एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) काढून हा माल इकडे येतोय. आणि सुरक्षेचं काय? एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं 2019 ला, पुढच्या दोन्ही एअरबॅगा त्याच्याही नंतर. 2014 ची गाडी घेऊन पोरांसकट खंबाटकी घाट उतरता?

कराडकर: पोरांना मध्ये आणू नका. वरच्या मॉडेलला एबीएस, एअरबॅगा तेव्हाही मिळायच्या. मी तेच बघून घेतली. मेव्हण्यांनी पेडल आधी बघायला हवं होतं.

नाशिककर ताई: दोघंही पेट्रोलबद्दल बोलतच नाही. 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. माझ्या 2012 च्या गाडीचा इंधनाचा पाइप भेगाळला, बोनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. मिस्त्री म्हणाला, हल्ली असे पाइप बरेच येतात. पंपावर दुसरं काही मिळत नाही, आणि भाव एक पैशाने कमी नाही. जुनी गाडी घ्या म्हणणाऱ्यांनी आधी यावर बोलावं.

शिरोळचा ऊसवाला: ताई, पाइप बारा वर्षांचा झाला की भेगाळतोच, त्याला इथेनॉल कशाला? चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचा हा 1966 चा आदेश आहे, आणि आम्ही बिलासाठी महिनोनमहिने थांबलोय. साखर गोदामात पडून राहते, उसापासून बनणाऱ्या इथेनॉलचा पैसा कारखान्याला तेल कंपन्यांकडून लवकर येतो. शहरात बसून ई20 ला शिव्या घालणं सोपं आहे.

नाशिककर ताई: तुमचं बिल वेळेवर मिळालंच पाहिजे. माझे वडीलही शेतकरीच. पण त्याचा भार माझ्या टाकीवर का? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय, जुन्या चारचाकींचं मायलेज 6-7 टक्के घटेल. मग तेवढं स्वस्त द्या. नाहीतर पंपावर ई10 ची वेगळी नळी ठेवा.

शिरोळचा ऊसवाला: स्वस्त द्या, हे बरोबर. त्यात आमचंही नुकसान नाही. पण गाड्या मरतायत म्हणू नका. माझी 2010 ची ओम्नी त्याच पेट्रोलवर दूध घालते. फिल्टर वेळेवर बदलतो, गाडी महिनाभर उभी ठेवत नाही, टाकीत पाणी धरू देत नाही.

कोथरूडकर: ऊस झाला असेल तर गाडीकडे या. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण. 600 रुपये होते, एप्रिल 2022 पासून 5000 झाले. वर पर्यावरण कर वेगळा.

कराडकर: पंधराच्या जवळची घेऊच नये, हे मान्य. पण म्हणून सात वर्षं हप्ते भरायचे? सात-आठ वर्षांची पेट्रोल घ्या, नोंदी असलेली, आणि लिफ्टवर चढवून खालून बघा.

कोथरूडकर: इतक्या अटी पाळणारी गाडी सापडली तर घेईन, बास. मेव्हण्याला पुन्हा गाडी हवीच आहे. दिल्लीची मात्र नको.

कराडकर: कराडला एक आहे, डॉक्टरांची. आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का ते विचारून रविवारी कळवतो.