मदत हवी आहे: बालीच्या रिसॉर्टमधलं जपानी जेवण माळकऱ्यांना चालेल का?

राम राम मंडळी. पुढच्या महिन्यात लातूरहून आई-दादांना घेऊन बालीला चाललोय. पॅकेजमध्ये एका रात्रीचं जेवण रिसॉर्टच्याच जपानी फ्यूजन रेस्टॉरंटात आहे, ते बदलून मिळत नाही. दोघंही माळकरी.

दिसणारे मासे टाळता येतात हो, धास्ती न दिसणाऱ्यांची आहे. मिसो सूप, आगेदाशी तोफू (तळलेला तोफू), सोबा नूडल्सचा रस्सा, सगळ्यांत दाशी, म्हणजे जपानी जेवणाचं मूळ सार. आणि ती बहुधा कोंबू या समुद्री शेवाळासोबत वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस घालून करतात. टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात बऱ्याचदा अंडं. वर फ्यूजन म्हणून बालीचा सांबल, म्हणजे मिरचीची चटणी आली, तर त्यात बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेली कोळंबी! नुसतं 'व्हेज' सांगून कसं भागायचं?

कोंबू आणि वाळलेल्या शिताके मशरूमची शाकाहारी दाशी असते, जपानी बौद्ध मठांत तीच वापरतात. पण रिसॉर्टचा शेफ दोन माणसांसाठी ती वेगळी करून देतो का? आधी मेल करावा का? त्यात नेमकं काय लिहावं? काकडी-अव्होकाडोच्या रोलशिवाय पोट भरेल असं काय मागवलंत? वासाबीची चिंता नाही, दादा ठेचा खाणारे आहेत.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत असणारच. तिथं टेबलावर डबा उघडू देतात का, तेवढं जाऊन आलेल्यांनी सांगा.