रंकाळ्यावरची भेळ अन् कुणाचं तरी आधार कार्ड

पेठेतला_गडी
रविवारी संध्याकाळी पोरांना घेऊन रंकाळ्यावर गेलतो. भेळ घेतली, ओली, कागदावर. निम्मी संपली आणि धाकटी म्हणतीय, पप्पा ह्यात एक आजी हाय. बघतोय तर खरंच कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स. फोटोवर चिंचेची चटणी सांडलेली, पण बारा आकडे एकदम स्वच्छ, पत्ता करवीर तालुक्यातला आणि वर पेनानं तिरकं लिहिलेलं, फक्त गॅस कनेक्शनसाठी. खाली आजींचीच असणार, थरथरती सही. भेळवाल्याला विचारलं तर म्हणतोय रद्दी किलोवर घेतो दादा, त्यात काय छापलंय ते वाचत बसू की भेळ करू. त्याचं पण बरोबरच हाय.

घरी येऊन हिशेब केला, गेल्या वर्षभरात मी कुठंकुठं झेरॉक्स दिली. सिमकार्ड, बँकेचा लॉकर, पोरीची शाळा, भाडेकरार, गणपतीपुळ्याचं लॉज, आणि एका ठिकाणी तर साधा हॉल बघायला गेलो तिथं. ह्यातलं कुणी नंतर फाडून टाकलं असंल असं मला तरी वाटत न्हाई. नाही म्हणावं तर काम अडतंय, द्यावी तर अशी भेळ. तुम्ही काय करता? आणि ते डेटाच्या कायद्याचं एवढं ऐकलं, त्याचा आपल्यासारख्याला काय उपयोग हाय का?

राजारामपुरी_९वी_गल्ली
मास्क्ड आधार काढून ठेवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, साइटवरनं फुकट मिळतं. आणि एमआधार अॅपमधनं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे आपला अंगठा कुठल्या मशीनवर चालणार नाही, हे जास्त महत्त्वाचं, कारण नुसत्या झेरॉक्सनं खात्यातले पैसे जात नाहीत, गावाकडच्या त्या अंगठा मशीनवर पैसे काढायला नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा लागतो. पण अंगठा म्हणजे काही तिजोरीत ठेवलेली वस्तू नाही, २०१८ मध्ये तेलंगणात एकानं ऑनलाइन ठेवलेल्या जमिनीच्या कागदांवरचे ठसे उचलून हजारो सिमकार्डं चालू केली होती. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठला बदलताय.

बाकी सरकारी सल्ल्याची गंमत ऐका. २७ मे २०२२ ला यूआयडीएआयच्याच, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्याच, बंगळुरू ऑफिसनं पत्रक काढलं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, हॉटेल-थिएटरवाल्यांना तर प्रत ठेवून घ्यायचा अधिकारच नाही. २९ तारखेला ते मागं घेतलं, म्हणे लोकं चुकीचा अर्थ काढतील. वाक्य इतकं सरळ होतं की त्याचा दुसरा अर्थ काढायचाच कसा हे मला अजून कळलेलं नाही.

झेरॉक्सवाला
मी धंद्यातला माणूस, खरं सांगू का. कागद सोडा, माझ्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर बघितलं तर तुमची झोप उडंल. दिवसभर लोकं व्हॉट्सअॅपवर आधारची पीडीएफ टाकतात, काका प्रिंट मारा, आणि पासवर्ड तर गिऱ्हाईक स्वतःच काउंटरवरनं ओरडून सांगतंय, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, आजूबाजूला सहा माणसं उभी असतात, प्रिंट झाली की दहा रुपये टेकवून माणूस गेला, फाइल माझ्याकडंच. मी शनिवारी सगळं उडवतो पण मला कुणी सांगितलं न्हवतं उडवायला, माझं मलाच भ्या वाटलं म्हणून. आणि बिघडलेली प्रिंट, वाकडी झेरॉक्स, ती आधी रद्दीतच जायची. तुमची ही पोस्ट वाचून आज पहिल्यांदा हातानं फाडाय बसलोय.

मास्क्डचं म्हणाल तर गिऱ्हाईक घेऊन जातंय आणि तासाभरात परत येतंय, साहेब म्हणले आकडे पुसलेलं चालत न्हाई, पूर्ण आणा.

चिखलीकर
सगळे एका बाजूनंच बोलायलाय म्हणून लिहितो. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी. रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले, सगळ्याचा लगदा. मदतीच्या यादीत नाव लावायला कागद मागितले तेव्हा गावातल्या एकाच्या मोबाइलवरनं आधार परत काढलं आणि त्यावर काम झालं. शहरात बसून प्रायव्हसी बोलणं सोपं हाय.

तरी पण एक हाय. आमच्या वडलांचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत न्हाई. पन्नास वर्षं ऊसतोड आणि गुऱ्हाळ केलेला हात, रेघा राहिल्यात कुठं. खोबरेल लावा, पुसा, दुसरं बोट लावा. शेवटी मशीन म्हणतंय हा माणूस तो न्हवंच, आणि दुकानदार त्यांना लहानपणापासून आण्णा म्हणतोय.

कायद्याचा_किडा
कायद्याचं विचारलंत म्हणून. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला. २०१८ ला आधारच्या निकालात खासगी कंपन्यांना आधार मागायला देणारं कलम उडवलं. मग २०१९ ला कायदा बदलून बँका आणि मोबाइल कंपन्यांना ऐच्छिक म्हणून वाट काढून दिली, जानेवारी २०२५ च्या नियमांनी ती आणखी रुंद झाली. ऐच्छिक म्हणजे काय ते काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

तुमचा डेटा कायदा २०२३ चा. दंड २५० कोटींपर्यंत, वाचायला झकास. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य जबाबदाऱ्यांना तिथून पुढं दीड वर्षाची मुदत. शिवाय केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला ह्यातनं सूट देऊ शकतं. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे, की ह्याच कायद्यानं माहिती अधिकाराचं ८(१)(ञ) कलम बदललं, आता वैयक्तिक माहिती म्हटलं की अर्ज फेटाळायला मोकळे. आपली माहिती भेळीखाली आणि साहेबांची कपाटात. शिवाय कायदा डिजिटल माहितीचा आहे, नुसत्या कागदाच्या गठ्ठ्याला तो लागतच नाही. म्हणजे तुमच्या त्या भेळीला तरी हा कायदा लागू नाही.

पेठेतला_गडी
@कायद्याचा_किडा आयला, म्हणजे चटणीच बरी म्हणायची.

बायोमेट्रिक लॉक केलं रात्री. आईचं पण करायला घेतलं तर तिचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला दुसराच निघाला, बहुतेक माझं जुनं सिम, जे मी कवाच बंद केलंय. आता सेंटरवर रांग.

ती झेरॉक्स टाकून द्यायचं मन होईना, पुसून घडी घालून आणली. पत्ता हाय, गाडीवर वीस मिनिटं, म्हटलं नेऊन देऊ. बायको म्हणाली दार उघडून त्या पहिलं हेच विचारणार, बाळा माझा पत्ता तुला कुणी दिला. बसलोय अजून घरात.