पर्शियन बोका हात लावला की चावतो. मदत हवी आहे!

मुग्धा_डोंबिवली
प्लीज कोणीतरी लवकर सांगा. आमच्याकडे पर्शियन बोका आहे, पंच फेस (एकदम चपटं तोंड), ट्रिपल कोट (केसांचे तीन थर). देणारा म्हणाला होता, एकदम गरीब जात, दिवसभर मांडीवर पडून राहते. हा उचलायला गेलं की फिस्कारतो, काल चावलाच. मुलगी आता जवळ जायला घाबरते. पर्शियन शांत असतात ना? ट्रेनिंगने काही होईल का?

मांजरवेडा
वय किती? नसबंदी झालीय? आधीपासून चावतो की हल्ली? कुठे हात लावल्यावर? एवढं तरी लिहा हो.

गुहागरकर_काका
म्हणून म्हणतो देशी मांजर पाळा. आमच्या पडवीत कायम असतात. ना कंगवा, ना एसी, वर उंदीर धरतात. हजारो रुपये मोजून दुखणं विकत घ्यायचं कशाला?

मुग्धा_डोंबिवली
काका, मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय.
वय दीड वर्ष, नसबंदी झालीय. आधी स्वतःहून मांडीवर यायचा. पावसाळ्यापासून बिनसलंय. खाणंपिणं व्यवस्थित.

बोकेवाली
ट्रिपल कोट वगैरे काही नसतं, भाव चढवायचे शब्द आहेत ते. केसांचे थर दोनच, वर लांब केस आणि आत मऊ लोकर. जटा होतात त्या आतल्या लोकरीच्या. विंचरता का?

मुग्धा_डोंबिवली
रोज ब्रश करते, पाठ मस्त चमकते. दर रविवारी आंघोळ.

बोकेवाली
पाठ सोडा. काखा, मांड्यांची आतली बाजू, पोट, कानांमागे बघा. बोटं पार कातडीपर्यंत जाऊ देत. वरून रेशीम दिसतं आणि खाली जट बसलेली असते. उचलताना आपले हात नेमके काखेत जातात, जट ओढली जाते, तो कळवळून चावतो. न विंचरता आंघोळ घातली तर जटा आणखी आवळतात.

अभि_नाशिक
सरळ लायन कट मारा, म्हणजे डोकं, पाय, शेपटीचं टोक सोडून अंगावरचे केस बारीक करून टाका. आणि रोज खोबरेल तेल, गाठी आपोआप सुटतात.

मांजरवेडा
तेल लावलं की तो दिवसभर तेच चाटत बसणार, मग जुलाब. तुम्ही निस्तरायला जाणार का?

अभि_नाशिक
आमच्याकडे काही झालं नाही बुवा.

श्रीया२१
खाज असेल. आमच्या लॅब्राडॉरला मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध आहे, त्याचे दोन थेंब टाकून बघा.

बोकेवाली
अजिबात नको!! कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराला झटके येतात, जीवही जातो. कृपया असले सल्ले देऊ नका.

निनाद_के
किडनीची सोनोग्राफी केलीय का? पर्शियनमध्ये पॉलिसिस्टिक किडनीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार आनुवंशिक असतो, आईबापांपैकी एकाकडून सदोष जीन आला तरी पुरतो. डीएनए टेस्टही होते.

मांजरवेडा
माहिती खरी आहे, पण इथे किडनी कुठून आली?

मुग्धा_डोंबिवली
बघितलं. दोन्ही काखांत सुपारीएवढ्या घट्ट गाठी आहेत!! एक तर कातडीलाच चिकटलीय. कात्रीने कापू का?

बोकेवाली
कात्री नकोच. मांजराची कातडी पातळ असते, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत तीच सापडते. व्हेटकडे किंवा मांजरांची सवय असलेल्या ग्रूमरकडे मशीनने काढून घ्या. गोल टक्कल किंवा खपल्या दिसल्या तर गजकर्ण असू शकतं. दमट हवेत यांना ते पटकन होतं, मुलीलाही लागू शकतं, तेव्हा व्हेटना दाखवाच. त्यानंतर ब्रश नाही, स्टीलचा रुंद दातांचा कंगवा. रोज थोडंच, तो कंटाळायच्या आत थांबायचं. चपट्या नाकामुळे यांचे डोळे सतत पाझरतात, तेही ओल्या कापसाने रोज पुसा. जात शांत आहे हो, दुखलं की कोणीही चावेल.

मुग्धा_डोंबिवली
डोंबिवली पूर्वेला मांजरांचं करणारं कोणी आहे का? इथले दोघे फक्त कुत्रे घेतात.

गुहागरकर_काका
आमचा एक बोका शेजाऱ्यांच्या स्कूटरवर रोज लघवी फवारतो. नसबंदीने थांबेल का?